नाव लेखकाचे, मनमानी पडद्याची

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी मागे टाकली की अच्छाड येते. या मार्गावरचे महाराष्ट्रातील हे शेवटचे गाव. मालमोटारींचे वजन आणि कागदपत्रे तपासणाऱ्या नाक्यामुळेच बाहेरच्या जगाला ठाऊक असलेले. नाक्यापलीकडे गुजरात सुरू होतो आणि थोड्याच अंतरावर समुद्रकाठचे उंबरगाव लागते. १९६०पर्यंत हे उंबरगाव ठाणे जिल्ह्यातच होते. तेथील वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांनी ‘रामायण’ चित्रित केले. १९८७-८८मध्ये दर रविवारी सकाळी देशातील रस्ते ओस पडत, ते या आडबाजूच्या गावी उभारलेल्या अयोध्येमुळे.

त्या मालिकेला ‘भडक’, ‘नाटकी’ म्हणून नाके मुरडणारे विद्वान तेव्हा थोडे नव्हते. परंतु एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. सागर हे मुळात लेखक. फाळणीच्या होरपळीवर त्यांनी ‘और इन्सान मर गया’ ही कादंबरी लिहिलेली होती. म्हणूनच मालिकेच्या प्रारंभी वाल्मीकी, तुलसीदास, कंबन यांच्याबरोबर आपल्या नाथांच्या ‘भावार्थ रामायणा’चे ऋण त्यांनी नावानिशी मान्य केले. आपण कोणाच्या शब्दांवर उभे आहोत याची जाणीव असलेला माणूस पडद्यावरही मर्यादा सांभाळतो.

आता दुसरे चित्र पाहा. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही १९७२ची कादंबरी. २००२ साली इनामदार गेले आणि डिसेंबर २०१५मध्ये त्या कादंबरीच्या आधाराचा उल्लेख करीत संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ झळकला. पिंगा हा मंगळागौरीचा, घरच्या माजघरातला, लेकीसुनांचा खेळ. त्याचा झगमगता नाच करून त्यात काशीबाई आणि मस्तानी यांना जोडीने नाचविण्यात आले. चाळीसच्या वर लढाया लढून एकही न हरलेला सेनापती ‘मल्हारी’च्या तालावर सैनिकांबरोबर थिरकताना दाखविला गेला. पेशवे घराण्याची रीत ज्याला ठाऊक आहे, असा कोणता लेखक हे लिहू धजेल? विचारावे तर उत्तर तयार: कलावंताचे स्वातंत्र्य! मग ज्याच्या कृतीवर तुम्ही इमला चढविला, तो इनामदार नावाचा माणूस कलावंत नव्हता काय? स्वातंत्र्य दिग्दर्शकाचे तेवढे खरे, आणि लेखकाचे मात्र मानधनाच्या धनादेशाबरोबर संपले?

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. ‘पिंगा’वर संतापून चित्रपटगृहांसमोर उभ्या राहिलेल्यांपैकी कितीजणांनी ‘राऊ’ वाचली होती? जानेवारी २०२५मध्ये ‘छावा’च्या झलकीत संभाजी महाराजांना लेझीम खेळताना पाहून गदारोळ झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले. भावना योग्यच होती. तरीही प्रश्न उरतो की निकष कोणता लावला गेला? शिवाजी सावंतांची कादंबरी की रस्त्यावरचा आवाज? पुस्तक बाजूला ठेवून केवळ आवाजाच्या बळावर दृश्ये वगळली जाऊ लागली, तर उद्या ज्याचा आवाज मोठा तोच चांगले दृश्यही कापायला लावील. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर आठवड्याभरातच, २१ फेब्रुवारीला, दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना पंतप्रधानांनी ‘छावा’चा उल्लेख केला, तो सावंतांच्या कादंबरीचे नाव घेऊन. चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडलेल्या आपल्या कुटुंबांतून ते नाव कितीजणांच्या ओठी होते?

लेखक आणि चित्रपट यांचे वैर मराठीला मूळचे नव्हे. कोल्हापुरात वि. स. खांडेकर मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ (१९३६) लिहीत होते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आचार्य अत्र्यांनी पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधील ठाकरवाडी १९७७ साली पडद्यावर आली, तेव्हा तिची गाणी ना. धों. महानोर या रानातल्या कवीने लिहिली. मुंबईत मात्र तेव्हाही हिशेब वेगळाच होता. प्रेमचंदांसारखा थोर लेखक १९३४मध्ये तेथे आला आणि वर्षभरात कंटाळून परतला.

तरीही लेखक अगदीच निःशस्त्र नाही. ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या. १९८६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हक्क विकले तरी कृतीची विटंबना रोखण्याचा लेखकाचा अधिकार विकला जात नाही. स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ हेच सांगते, आणि लेखकाच्या पश्चात हा अधिकार वारसांनाही बजावता येतो. एका हिंदी लेखिकेने हे धाडस केले. आपले मराठी लेखक मात्र निर्मात्याचा दूरध्वनी आला की हरखून जातात, करार न वाचता सही करतात आणि चित्रपट पाहून आल्यावर दिवाळी अंकात कुरकुरतात! स्वाभिमानाच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगायच्या आणि व्यवहारात अशी दीनवाणी शरणागती पत्करायची, हे सरस्वतीपुत्रांना शोभत नाही.

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने या बाबतीत हात झटकून चालणार नाही. पटकथा लेखकाला किंवा त्याच्या वारसांना आधी दाखविली जाईल, मूळ कृतीपासून कोठे फारकत घेतली ते पडद्यावर स्पष्ट लिहिले जाईल आणि लेखकाचे नाव जाहिरातीत दिग्दर्शकाच्या बरोबरीने छापले जाईल, अशा अटींचा एक नमुना करारनामा महामंडळाने कायदेतज्ज्ञांकडून मराठीत तयार करून घ्यावा. तो प्रत्येक प्रकाशकाकडे आणि लेखकाकडे पोहोचवावा. पुढच्या संमेलनात ठरावांची भेंडोळी वाचण्यापूर्वी एवढे काम झाले, तरी दिवंगत इनामदारांची थोडीशी परतफेड होईल.