बांधलेलें लांकूड

आमचें राहातें समुद्रापासून पुष्कळ दूर. मध्यें सह्याद्रि उभा. येथें पाणी म्हणजे विहिरीचें, नाहींतर गोदावरीच्या उजव्या कालव्याचें, आणि त्याची पाळी केव्हां येते एवढीच काय ती आमच्या पेरूच्या बागांची चिंता. अशा गांवच्या निवृत्त पंतोजीनें नौकेविषयीं लिहावें हा वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. पण २०२५ च्या ज्येष्ठांत एक नौका खरोखरच आमच्या दारीं आली व रिकाम्या गोठ्यांत सहा महिने मुक्काम करून गेली. त्या मुक्कामांत घडलेली एक गोष्ट मनांतून जात नाहीं. म्हणून हा महिना तिलाच देतों.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यास नोकरीस असतो. त्यानें व त्याच्या दोघां स्नेह्यांनीं अलिबागेकडे किनाऱ्यावर उघड्यांत पडलेली एक जुनी ‘कॅटमरॅन’ थोडक्या पैशांत विकत घेतली. पुण्याच्या सदनिकेंत ती ठेवणार कोठें? कोंकणांत पावसाळ्यांत दुरुस्ती व्हावयाची नाहीं, कारण तेथील दमट हवेंत रेझिन धड आवळत नाहीं. राहात्याची हवा त्या मानानें कोरडी, बैल विकल्यामुळें गोठा मोकळा आणि देखरेखीस धाकटे आजोबा बसलेलेच! अशा रीतीनें ती घाट चढून आली.

ज्यांनीं ही जात पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. ही एक नाव नव्हे, दोन आहेत. प्रत्येक साडेसोळा फूट लांब, केळ्यासारखी किंचित् वांकलेली आणि इतकी अरुंद कीं, आंत मांडी घालून बसण्याची सोय नाहीं. दोहोंच्या पाठीवर मिळून चार आंखूड खांब, त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट आणि चौकटींत बाजेसारखें ताणून बसविलेलें जाड कापड. माणसांनीं बसावयाचें तें त्या कापडावर. तळाला खोल कणा नाहीं. त्याऐवजीं प्रत्येक नावेची बाहेरची बाजू सपाट व आंतली फुगीर ठेवलेली असते, आणि वाऱ्यानें दाबलेली नाव त्या फुगीरपणाच्या जोरावर बाजूला न घसरतां पाणी धरून चालते. वाळूला लागतांच सुकाणूं वर उचललें जातें, म्हणून धक्का, बंदर कांहीं लागत नाहीं. सगळें वजन सुमारें १४५ किलो. चार माणसांनीं वाळूवरून ओढून न्यावी. कॅलिफोर्नियांत लाटांवर घसरण्याच्या फळ्या बनविणाऱ्या होबी आल्टर नांवाच्या गृहस्थानें १९७० च्या सुमारास ही रचना बाजारांत आणली आणि ती जगभर पसरली. तत्पूर्वीं १८७६ सालीं न्यूयॉर्कजवळच्या शर्यतींत हेरशॉफ नांवाच्या नौकाकारानें आपली दुहेरी नाव उतरवून एकेरी नावांना इतकें मागें टाकलें कीं, हरलेल्यांनीं तक्रार केली, आणि पुढें अशा नावांना शर्यतींची दारें बंद झालीं. शाळेंत हुशार मुलाबद्दल अशी तक्रार मीं ऐकलेली आहे.

दोन नावांना बांधण्याची विद्या मूळची पॅसिफिक महासागरांतील बेटवाल्यांची. पण ‘कॅटमरॅन’ हा शब्द आपल्या दक्षिणेचा आहे. तमिळांत ‘कट्टु’ म्हणजे बांधणें आणि ‘मरम्’ म्हणजे झाड, लांकूड. चोलमंडलाच्या किनाऱ्यावरील कोळी कांहीं ओंडके दोरानें आवळून त्यांवरून समुद्रांत जात. त्या बांधलेल्या लांकडाचें हें नांव. युरोपियनांनीं तें उचललें आणि दुसऱ्याच वस्तूला चिकटविलें. (‘नाव’ आणि ‘नांव’ यांत एका अनुस्वाराचें अंतर आहे हें मुलांना शिकवितांना असा दाखला मला कधीं सांपडला नव्हता.)

बांधणें म्हटलें कीं, मला भोजाच्या नांवावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ आठवतो. समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक ती ओढून नेतील, असें त्यांत सांगितलें आहे. कारण चुकीचें, निषेध अगदीं योग्य. खाऱ्या पाण्यांत लोखंडाचा गंज लांकडालाही खातो, काथ्याचा टांका मात्र लाटेबरोबर थोडा ताणतो व पुन्हा जागेवर येतो. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें जहाज चितारलेलें आहे. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतील चित्रावरून भारतीय नौदलानें केरळच्या सुतारांकडून गोव्यांत एक जहाज काथ्यानें शिवून घेतलें. ‘कौंडिण्य’ या नांवानें तें २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें नौदलांत दाखल झालें आणि २९ डिसेंबर रोजीं पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला मस्कतास पोहोंचलें. हीं वर्तमानपत्रांतील कात्रणें मीं चिरंजीवास दाखविलीं. तो म्हणाला, “धाकटे आजोबा, आमची काचतंतूची आहे. हिला टांकेही नाहींत आणि खिळेही नाहींत.”

श्रावणांत काम जोरांत होतें. शनिवार-रविवारीं तिघे येत, घांसत, पुसत आणि रात्रीं अंगणांत झोपत. गणपतीपूर्वीं मोटारी रंगविणाऱ्या कारागिराकडून दोन्ही नावांना पांढरा रंग बसला. इतका सुरेख कीं, शेजारचीं मुलें त्यांत तोंड पाहूं लागलीं. विजयादशमीस सीमोल्लंघन समुद्रावर करावयाचें ठरलें. वहिनींनीं विरोध केला, त्यांची समजूत काढण्यांत आली. मुलाची आई मात्र कांहीं बोलली नव्हती. तिचें माहेर हर्णैकडचें. समुद्राची भीति तिला नाहीं. रंग पाहून ती एवढेंच म्हणाली, “काका, आमच्याकडे विकावयास काढलेल्या होडीचा रंग नवा दिसला तर माणसें दोन पावलें मागें सरतात.” मग तिनें उलांडीची गोष्ट सांगितली. तिकडे लहान होडीच्या एका बाजूस दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोंकांस हलक्या लांकडाचा ओंडका जोडतात, ती उलांडी. तिच्यामुळें होडी कलंडत नाहीं. प्रत्येक हंगामाच्या आरंभीं तिचे वडील शेजारच्या कोळ्यांकडे जाऊन बसत, आणि ते लोक प्रथम पाहत तें लांकूड नव्हे, तर बांधलेल्या दोराची गांठ.

त्या दुपारीं मी गोठ्यांत गेलों. बाजारांत माठ घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तशी नाळेकडून टिचकी मारीत निघालों. आवाज टणक, खणखणीत. उजव्या नावेच्या पुढच्या खांबाशीं मात्र तो एकदम बसका झाला. तडा गेलेल्या माठाचा. येथें मला एक कबुली दिली पाहिजे. हाच आवाज मीं श्रावणांतही ऐकला होता. तेव्हां रंग बसलेला नव्हता. म्हाताऱ्यानें इंजिनियरांना काय सांगावें, हंसतील, अशा भिडेनें मी गप्प राहिलों. त्या भिडेची किंमत पुढें चिरंजीवाच्या खिशाला भरावी लागली.

आतां खडू घेतला आणि जेथें जेथें आवाज बसका तेथें तेथें खूण केली. शेवटीं जेवणाच्या ताटाएवढें एक वर्तुळ तयार झालें. शनिवारीं तिघे आले व वर्तुळ पाहून थबकले. चिरंजीव म्हणाला, “आवाज सगळीकडे सारखा नसतोच. आंतून कोठें जाड असतें, कोठें पातळ.” दुसरा म्हणाला, “रजा मंजूर झाली आहे, गाडी ठरली आहे, आणि आम्ही काय आफ्रिकेला चाललों आहोंत? किनाऱ्याजवळच फिरणार.” मला उत्तर सुचेना. मुलगा कमावता, पैसे त्याचे. थोरले बंधू झोपाळ्यावर मुकाट्यानें बसलेले. मी म्हटलें, “वर्तुळाच्या मध्यें अंगठा दाब.” त्यानें दाबला. चकचकीत पृष्ठभाग आंत गेला आणि डब्याच्या झांकणासारखा टक् करून वर आला. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. सकाळीं उठून त्यानें गाडी रद्द केली. ज्या स्नेह्यानें आफ्रिकेचें नांव काढलें होतें तो पुढें महिनाभर आलाच नाहीं.

दोष काय होता तें सांगतों. ह्या नावेचें अंग एकसंध नसतें. काचतंतूचीं दोन पातळ कवचें आणि मध्यें हलका फेस, अशी ती तीन पदरांची पोळी. पाणी आंत शिरलें किंवा वर्षानुवर्षें भार पडला कीं, कवच फेसापासून सुटतें, आणि सुटलेलें कवच कागदाइतकेंच बलवान. चौकटीचा सगळा पीळ पुढच्या खांबांवर येतो आणि व्याधि नेमकी त्याच्याच पायथ्याशीं. मोठी लाट बसती तर नाव तेथेंच मोडली असती. वरच्या कवचास बारीक भोकें पाडलीं, आंतल्यास धक्का न लावतां. पहिल्याच भोकांतून तपकिरी पाण्याचा थेंब आला. मग तीन आठवडे आश्विनाच्या उन्हांत ती जागा वाळविली, रात्रीं वर दिवा लावून ठेवला. पूर्ण कोरडी झाल्यावर पिचकारीनें एपॉक्सी भरलें. एका भोकांत भरावें आणि शेजारच्यांतून वर येईपर्यंत थांबूं नये. वर वजन हवें होतें. वहिनींनीं पाटा देण्याचें साफ नाकारलें, तेव्हां प्लास्टिकचा कागद घालून माझ्याकडील आपट्यांचा संस्कृत कोश ठेवला. तो ह्या कामीं उत्तम.

तारांची परीक्षा मात्र वहिनींच्याच सामानानें झाली. डोलकाठी अवघ्या तीन तारांच्या तणाव्यांवर उभी राहते, एक पुढें, दोन बाजूंना. त्यांपैकीं एक तुटला कीं, काठी माणसांच्या डोक्यावर येते. तारेचा पीळ आंतून तुटलेला डोळ्यांस दिसत नाहीं. वातींचा कापूस चिमटींत धरून तारेवरून फिरविला, तर जेथें तंतु तुटला असेल तेथें तो अडकतो. डाव्या तणाव्याच्या अगदीं खालच्या टोंकास कापूस तीन ठिकाणीं अडकला. तिन्ही तारा बदलल्या. बाजारांतील साधी जस्ताची तार लावावी असें एकानें सुचविलें होतें; ती सूचना मुलाच्या आईनेंच परतविली.

डोलकाठी उभी करण्याचा प्रयोग अंगणांत करूं दिला नाहीं. सव्वीस फुटांची ॲल्युमिनियमची काठी आणि वर विजेची तार! परदेशांत अशा काठ्यांनीं माणसें दगावल्यावर कारखानदारांना टोंकाचा भाग काचतंतूचा करावा लागला. ही जुनी, टोंकापर्यंत धातूची. शेतांत, जेथें आकाशाखेरीज वर कांहीं नाहीं अशा जागीं तिघांनीं ती उभी केली. प्रत्येक खिळीला अडकवण बसली कीं नाहीं हें दोघांनीं वेगवेगळें तपासावयाचें, अशी मीं अट घातली होती.

पौषांत अलिबागेजवळ ती पाण्यांत गेली. आम्ही पांच वडील माणसें वाळूवर बसलों होतों. सकाळीं जमिनीकडून मतलई वारा, दुपारीं समुद्राकडून खारा वारा, हें मीं भूगोलाच्या तासाला जन्मभर शिकविलें. पाहिलें त्या दिवशीं. मुलाच्या आईनें सकाळीं निघूं दिलें नाहीं. दुपारीं कांहीं मोडलें तरी वारा किनाऱ्याकडेच आणील, हें तिचें गणित. अंगांत तरंगण्याचीं जाकिटें चढवून दोघे निघाले. आफ्रिकावाला परत आलेला होता, तोही त्यांतला एक. शीड भरलें तशी एक नाव पाण्यांतून वर उचलली गेली आणि दुसरी सुरीसारखी पाणी कापीत निघाली. वहिनींनीं पदर तोंडावर घेतला. मी उजव्या नावेकडे पाहत होतों. दुसरें कांहीं मला दिसलेंच नाहीं.

दोन तासांनीं परत आले. वाळूवर ओढून दोन्ही नावांच्या मागचीं बुचें काढलीं. डावी कोरडी. उजवींतून पाणी आलें. वहिनींच्या तांब्यानें मीं तें मोजलें, अर्धा तांब्या भरला. दुरुस्त केलेल्या जागीं टिचकी मारून पाहिली, आवाज टणकच होता. मग हें पाणी आलें कोठून? साबणाचें पाणी लावून, आंत हलकी हवा फुंकून बुडबुडे शोधावयाचे, असें चिरंजीव म्हणतो. पुढच्या शनिवारीं तो येणार आहे. गोठा झाडून ठेवला आहे.