फुकटचा वेग

कॉम्प्युटरच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, ओव्हरक्लॉक करून देतो. फुकटात स्पीड वाढेल." माझं भांडण यातल्या 'फुकटात' या एका शब्दाशी आहे.

हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं ते पाहा. आमचा एखादा हवालदार रजेवर गावी जातो. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलासाठी साठवलेल्या पैशांतून पीसी असेंबल करून घेतो. त्याला बायोस म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर तो नाही कशाला म्हणेल? मशीन घरी येतं, रजा संपते, बाप सीमेवर परततो. पुढे मे महिन्यात सबमिशनच्या आदल्या रात्री स्क्रीन निळी पडते, तेव्हा तो दुकानदार आणि ते वाक्य दोन्ही गायब असतात.

प्रोसेसर बनवणारी कंपनी त्याचा वेग ठरवताना थोडी जागा राखून ठेवते. ती असते उन्हाळ्यासाठी, चिपच्या म्हातारपणासाठी आणि एकाच साच्यातल्या दोन चिपांमध्ये असणाऱ्या फरकासाठी. दुकानदार या जागेला 'वाया गेलेली ताकद' म्हणतो. आम्ही फौजी तिला राखीव कुमक म्हणतो. लढाईत एक तुकडी मागे बसलेली दिसते म्हणून तिला पहिल्याच तासात पुढे ढकलणाऱ्या कमांडरला खडकवासल्यात कुणी शूर म्हणत नाही.

आता हिशेब. प्रोसेसर चालताना जी वीज खातो, ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे विजेचा खर्च जवळपास ३३ टक्क्यांनी वाढला. ही सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तो भार मदरबोर्डवरच्या वीज पुरवणाऱ्या भागांवर पडतो, पॉवर सप्लायवर पडतो, आणि पंख्यावरही पडतो.

चिपच्या आत याहून वाईट घडतं. तिथल्या केसाहून कितीतरी बारीक तारांमधून जोराचा प्रवाह गेला की धातूचे अणू हळूहळू जागेवरून सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्येच त्याचं गणित मांडलं: प्रवाहाची घनता आणि तापमान वाढलं की तारेचं आयुष्य झपाट्यानं घटतं. प्रोसेसर फार तापला तर स्वतःच वेग कमी करून वाचतो, हे खरं. पण जादा व्होल्टेजनं होणारी झीज त्यानं थांबत नाही. ती दिसतही नाही. आज चालणारी सेटिंग वर्षभरानं चालेनाशी होते, तेव्हा कळतं.

"आम्ही तासभर टेस्ट करून देतो," हे दुसरं वाक्य. जानेवारीत, एसी लावलेल्या दुकानात घेतलेली तासाभराची टेस्ट! सध्या मी राजस्थानात आहे. इथे जूनमध्ये सावलीतलं तापमान ४५ अंशांवर जातं, आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये वाळू बसते ती वेगळीच. लेहमध्ये थंडी असते, म्हणून तिथे बरं असेल असं वाटतं. पण साडेतीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के विरळ असते, त्यामुळे तोच पंखा तितक्याच फेऱ्यांत कमी उष्णता वाहून नेतो. शिवाय अस्थिर प्रोसेसर दर वेळी बंद पडतोच असं नाही. कधी तो चुकीचं उत्तर देऊन पुढे जातो, आणि फाइल गुपचूप बिघडते. बंद पडणारं मशीन परवडलं. खोटा रिपोर्ट देणारा संत्री परवडत नाही.

"मग कंपन्याच ओव्हरक्लॉकिंगचे प्रोसेसर का विकतात?" विकतात, खरं आहे. पण नुकसानीची जबाबदारी घेत नाहीत. एएमडीची वॉरंटी ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान भरून देत नाही. इंटेल यासाठी पैसे घेऊन वेगळं संरक्षण विकत असे, तेही २०२१ मध्ये बंद केलं. फुकटच्या गोष्टीला विमा कशाला लागत होता?

२०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे मदरबोर्डावरच जळाले. मग बायोस बदलून त्या एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळाल्यानं अकाली म्हातारे झाले. कंपनीनं दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झिजलेली चिप मायक्रोकोडनं बरी होत नाही. चिप बनवणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो, तिथे दुकानातला पोरगा अर्ध्या तासात काय ठरवणार?

छंद म्हणून हे करणाऱ्यांशी माझं वैर नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए अनेकांनी ३०० वरून ४५० मेगाहर्ट्झवर नेला, तेव्हा दीडपट वेग खरोखर हाती येत होता. आजचा प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वर चढतो. आय९-१४९००के तर कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. उरलेल्या चिमूटभर वेगासाठी स्वतःचं मशीन, स्वतःचा पैसा आणि स्वतःची समज पणाला लावायची असेल तर खुशाल लावा. दुसऱ्याच्या मुलाचं मशीन पणाला लावू नका.

म्हणून रजेवर निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं: दुकानदारानं वेग वाढवून देतो म्हटलं, तर बिलावर लिहून मागा. किती व्होल्टेज ठेवलं, आणि प्रोसेसर गेला तर बदलून कोण देणार. पेन खाली ठेवलं गेलं, तर बायोसमध्ये कंपनीची मूळ सेटिंग ठेवायला सांगा. वाचलेल्या पैशांत एक चांगला कूलर आणि यूपीएस घ्या. मुलाला त्यांचा उपयोग जास्त होईल.