उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

दिवाळीसाठी मुंबईहून सोनपेठला निघालेला चाकरमान्या रात्रभर रेल्वेत डुलक्या घेतो, सकाळी परभणीस उतरतो आणि मग एस.टी. शोधतो. सोनपेठ गावाला स्टेशन नाही ना!

मुंबई-परभणी अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या घरातले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरांचा. तो मात्र ताशी ३२० च्या वेगाने दोन-तीन तासांत कापण्याचा बेत आहे. जपानने १९६४ साली टोकियो-ओसाका मार्गावर ही किमया प्रथम केली. गुपित नुसत्या गाडीत नव्हते. रूळ स्वतंत्र, वळणे सौम्य आणि फाटक एकही नाही! म्हणूनच खर्च अफाट. २०१७ साली पायाभरणीच्या वेळी आपल्या मार्गाचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. एवढा पैसा वसूल व्हायचा तर मोठी शहरे हवीत, थांबे मोजके हवेत.

तेव्हा ती गाडी सोनपेठला येणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण प्रवास उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावा. रुळावर वाचलेले दोन तास एस.टी.ची वाट पाहण्यात गेले, तर हाती काय उरले? गाडीला जोडून सुटणारी एस.टी. मिळाली आणि लेक अभ्यंगस्नानाआधी दारात दिसला, की आईच्या लेखी तीच बुलेट ट्रेन!