हलणारं चित्र थबकलं कुठे?

मुलांनो, आज आधी एक जुनी वही शोधून आणा. पानं पाठकोरी असली तरी चालतील. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक चेंडू काढा. त्याच्या आधीच्या पानावर तोच चेंडू, पण जरासा वर. मग आणखी वर, आणि मग हळूहळू खाली. अशी दहा-बारा पानं झाली की वहीचा कोपरा अंगठ्याखाली धरा आणि पानं फरफर सोडा. मारली ना चेंडूने उडी?

खरं तर एकही चेंडू हललेला नाही. हलली ती पानं! चित्रं भराभर डोळ्यांपुढून गेली की आपला मेंदू ती एकमेकांना सांधून टाकतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटीशी फिल्म केली होती. वाटाण्याच्या अंकुराची थोड्या थोड्या वेळाने टिपलेली चित्रं त्यांनी सलग दाखवली, आणि पडद्यावर बघता बघता रोप वाढलं. तीही एक वहीच की.

ई-मेलमधून येणारी नाचरी मांजर किंवा लुकलुकणारी पणती पाहिली असेल तुम्ही. त्या चित्राला जिफ म्हणतात. जिफ म्हणजे संगणकाच्या पोटातली अशीच वही. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ती बनवली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून चित्र आणायचं म्हणजे मुंगीने साखरेचं पोतं ओढण्यासारखं! म्हणून चित्र आवळून लहान करायची युक्ती तिच्यात घातलेली होती, आणि एका पानावर रंग फार तर २५६. (काही जण याला ‘गिफ’ म्हणतात. इंग्रजीत लिहिताना हे भांडण लपवता येतं, देवनागरीत मात्र ‘ज’ की ‘ग’ ते ठरवावंच लागतं. विल्हाइट स्वतः ‘जिफ’ म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू.)

१९८९ साली या वहीत सुधारणा झाली. प्रत्येक पानाबरोबर एक चिठ्ठी जोडता येऊ लागली. हे पान किती वेळ दाखवायचं, ते त्या चिठ्ठीत लिहायचं. वेळ मोजायचा सेकंदाच्या शंभराव्या भागात. चिठ्ठीत १०० लिहिलं तर पान पुरा एक सेकंद थांबणार, १० लिहिलं तर सेकंदाचा दहावा भाग. पण वही संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, ही सूचना त्यात नव्हती. ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप नावाच्या ब्राउझरने आणली. नेटस्केप आता इतिहासजमा झाला, पण सतत फिरणाऱ्या बहुतेक जिफच्या पोटात ‘नेटस्केप २.०’ ही रोमन अक्षरं आजही लिहिलेली असतात. कुणाला दिसत नाहीत, एवढंच.

आता आपल्या टपालाकडे येऊ. समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण तुम्ही हौसेने जिफमध्ये केलंत. पहिल्या पानावर बंद पडदा. दुसऱ्यावर पडदा सरकतो. तिसऱ्यावर ‘स्नेहसंमेलन’ आणि चौथ्यावर तारीख आणि वेळ. मावशीच्या फोनवर झकास चाललं. पण काकांनी ते ऑफिसातल्या जुन्या संगणकावर उघडलं. ते फोन करून म्हणतात, “पडदा छान काढलायस गं, पण कशाचा आहे तो?”

काकांची चूक नाही, तुमचीही नाही. ई-मेलमधून जाते ती फक्त वही आणि तिच्यातल्या चिठ्ठ्या. पानं फरफर सोडणारा अंगठा काही टपालातून जात नाही हं! तो पलीकडच्या माणसाच्या सॉफ्टवेअरचा असतो. तिथे अंगठाच नसला, तर वहीचं पहिलं पान तेवढं दिसतं.

याचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्टचं आउटलुक. २००३ च्या आवृत्तीपर्यंत ते पत्र दाखवायला इंटरनेट एक्स्प्लोररची मदत घेई, त्यामुळे चित्रं हलत. २००७ च्या आवृत्तीत हे काम वर्डकडे दिलं गेलं. वर्ड हा मुळात कागदावर छापायचा मजकूर तयार करणारा प्रोग्राम, आणि कागदावर कुठलं चित्र हलतंय? म्हणजे नवं आलं आणि जुनी सोय गेली! २०१०, २०१३ आणि २०१६ च्या आवृत्त्यांतही चित्रं थिजलेलीच राहिली. २०१९ च्या आवृत्तीत ती पुन्हा हलू लागली. पण एकदा घेतलेला संगणक ऑफिसात वर्षानुवर्षं चालतो, हे तुमच्या काकांना विचारा.

तुमच्याकडेच चित्र अडलं, तर एक सोपी परीक्षा आहे. ते संगणकात साठवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. हललं, तर वही शाबूत आहे, अंगठा नाही. तिथेही नाही हललं, तर बहुधा वाटेत कुणी तरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला किंवा ते जेपेग म्हणून साठवलं. मग वहीचं एकच पान उरतं, बाकीची गळून जातात. काही फोनमध्ये हलणारी चित्रं थांबवून ठेवायची सोयही असते, तीही बघून घ्या.

म्हणून पहिल्याच पानावर तारीख टाका, पडदा मागाहून सरकू दे. त्याहून बरं म्हणजे तारीख-वेळ पत्राच्या मजकुरातही सरळ लिहा. ज्यांना दिसत नाही, त्यांना संगणक पत्र वाचून दाखवतो. त्याला मजकूर वाचता येतो, चित्रात रंगवलेली अक्षरं वाचता येतीलच असं नाही. नातवाच्या नाटकाची वेळ आजोबांना कळायला नको का?

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. भकाभक उघडझाप करणारी चित्रं करू नका. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टीव्हीवर ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. अशा प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. वेबसाइटसाठीचा नियम सांगतो की एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको. चिठ्ठीत आकडा लिहिताना हे ध्यानात असू द्या.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी थोडंसं. पत्रातलं चित्र दर वेळी पत्रातच असतं असं नाही. कित्येकदा पत्रात फक्त चित्राचा पत्ता असतो. पत्र उघडलं की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावरून चित्र आणतं, आणि पाठवणाऱ्याला कळू शकतं की पत्र उघडलं गेलं, केव्हा उघडलं गेलं. यासाठी ठिपक्याएवढं, न दिसणारं चित्रही पुरतं. जीमेल २०१३ पासून अशी चित्रं स्वतःच्या संगणकांमार्फत आणून दाखवतं, त्यामुळे वाचणारा कुठे आहे ते लपतं, पण पत्र उघडल्याची खूण उरू शकते. अनोळखी पत्रावर ‘चित्रं दाखवू का?’ असा प्रश्न आला, तर मुलांना ‘नको’ म्हणायला शिकवा.

आता डोकं चालवा बघू! एका जिफमध्ये १२ पानं आहेत आणि प्रत्येक चिठ्ठीत २५ लिहिलंय. एक फेरी किती सेकंदांत पुरी होईल? आणि दुसरं कोडं. ई-मेल मुळात साध्या अक्षरांसाठी केलेली. म्हणून १९९२ मध्ये ठरलेल्या एका पद्धतीने चित्राच्या दर तीन बाइटची चार अक्षरं करून ती पाठवतात. तर ४५० केबीचं चित्र वाटेत साधारण किती केबीचं होईल?

(उत्तरं : ३ सेकंद, ६०० केबी.)