तळ्याचा काठ कोणाचा?

रविवारी ऊन कलले की कोल्हापुरातील कुटुंबे रंकाळ्याची वाट धरतात. कोणी सायकलवर, कोणी दुचाकीवर, तर कोणी आजीचा हात धरून पायीच. काठावर पोहोचल्यावर विशेष असे काही घडत नाही. मुले फुग्यामागे धावतात, घरच्या स्त्रियांना स्वयंपाकघरातून दोन तासांची सुटी मिळते, भेळेचा एक पुडा चौघांत फिरतो आणि पाण्यातील संध्यामठावरून मावळतीचे ऊन उतरत जाते. अंधार पडला की मंडळी घरी परततात. या संपूर्ण सहलीचा खर्च भेळेच्या पुड्याएवढा असतो. शहरातील कारखानदार आणि त्याच्याकडील शिपाई यांची मुले एकाच कठड्यावर बसून पाणी पाहतात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल कोणी मोजीत नाही.

अर्थशास्त्राची अडचण नेमकी येथेच आहे. ज्या वस्तूला बाजारात भाव नाही, तिची नोंद अंदाजपत्रकात होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याचा ऱ्हास झाला तरी हिशेबात तूट दिसत नाही. तळ्याकाठच्या सदनिकेचा विक्रेता ‘तलावदर्शनी’ म्हणून चौरस फुटामागे जादा दर घेतो, तेव्हा तळ्याची किंमत त्याला अचूक ठाऊक असते. ती ठाऊक नसते फक्त नगरपालिकांना.

कोल्हापूर हे एकेकाळी तळ्यांचे गाव होते. त्यांपैकी वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई उभी राहिली. त्या त्या काळी हे निर्णय लोकोपयोगी वाटले असतील आणि मंडई व मैदान यांची गरजही खोटी नव्हती. परंतु जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचून राहते आणि जुन्या तळ्याची आठवण करून देते. खतावणीतून खाते पुसले, तरी पाण्याची वहिवाट पुसता येत नाही. १८८० च्या दशकात कळंबा तलाव बांधला गेला तो पिण्याच्या पाण्यासाठी. पुढे नळ घरोघरी पोहोचले आणि गावातील तळ्यांची गरज संपली, असा समज दृढ झाला. रंकाळा बचावला तो त्याच्या विस्तारामुळे आणि काठावर येणाऱ्या माणसांमुळे.

बचावला, पण निरोगी राहिला असे नाही. भोवतालच्या वसाहती वाढत गेल्या आणि त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तळ्यात येऊ लागले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे शेतातील पिकाप्रमाणेच शेवाळाचे आणि जलपर्णीचेही खत. जलपर्णीचा गालिचा पसरला की प्रकाश खाली पोहोचत नाही. ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि दुर्गंधी सुटते. या शतकाच्या पहिल्या दशकात रंकाळ्याने ही सारी अवस्था अनुभवली. २००१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत त्याचा समावेश झाला. या योजनेत केंद्राचा वाटा ७० टक्के आणि राज्याचा ३० टक्के असे. पैसा आला, कामेही झाली; तरीही पाणी हिरवे पडल्याच्या तक्रारी त्यानंतर पुनःपुन्हा ऐकू आल्या.

असे का होते? योजनेचा निधी हा भांडवली खर्च असतो. कठडे, पदपथ, दिवे, कारंजी त्यातून उभी राहतात. परंतु तळे निरोगी ठेवणे हे रोजचे काम आहे: नाला अडवणे, तो मलनिःसारण केंद्राकडे वळवणे, तेथील पंप अखंड चालू ठेवणे, जलपर्णीचे पहिले रोप दिसताच ते उपटणे. हा महसुली खर्च आहे आणि तो दरवर्षी करावाच लागतो. कारंजाच्या उद्घाटनाला कोनशिला बसते. पंपावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराच्या पगाराला कोनशिला बसत नाही. साहजिकच लोकप्रतिनिधी आणि प्रशासन या दोघांचाही ओढा पहिल्या प्रकारच्या खर्चाकडे असतो.

यात महापालिकांची आर्थिक कोंडीही विचारात घ्यावी लागेल. जकात हा त्यांच्या उत्पन्नाचा कणा होता. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिका राज्याच्या अनुदानावर अधिकच विसंबून राहिल्या. शिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये उद्याने व क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. तिजोरीत खडखडाट असला की ऐच्छिक कर्तव्यांवर पहिली कात्री चालते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा व क्रीडांगणे हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नागरी संस्थांच्या कक्षेत आणला खरा. पण विषयाबरोबर पैसा आला नाही.

अशा वेळी एक सोपा उपाय सुचवला जातो: जागा ठेकेदाराकडे द्यावी, भोवती कुंपण घालावे आणि तिकीट लावावे. ‘फुकटाची किंमत नसते’ असा युक्तिवाद त्यामागे असतो. तो सर्वस्वी टाकाऊ नाही. नौकाविहार, वाहनतळ, खाद्यपदार्थांचे गाळे यांसाठी शुल्क घेणे योग्यच आहे, कारण त्यांचा लाभ घेणारा वेगळा ओळखता येतो. काठावर येऊन बसण्याची गोष्ट निराळी. समजा, माणशी १० रुपये तिकीट लावले. पाच जणांच्या कुटुंबाला एका संध्याकाळचे ५० आणि महिन्याच्या चार रविवारांचे २०० रुपये होतात. मोटारीतून येणाऱ्याला ते जाणवणार नाहीत. रोजंदारीवरील कुटुंब मात्र चारांचे दोन रविवार करील आणि पुढे दोनाचा एक. गर्दी हटली की ‘व्यवस्था सुधारली’ असा अहवाल सादर होईल. पण गर्दीतून नेमके कोण हटले, ते त्या अहवालात नसेल. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, त्याला मोकळ्या काठाची गरज सर्वांत जास्त असते. पैसे मोजण्याची ऐपत हा गरजेचा मापदंड मानला, तर सार्वजनिक उद्यान या कल्पनेलाच अर्थ उरत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. बंगळुरात उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दबातल ठरवला. तळी ही समाजाची साधनसंपत्ती असून तिचे रक्षण करणे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्याच न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. परंतु न्यायालय अतिक्रमण रोखू शकते, नाला रोज साफ करू शकत नाही. ते काम नगराचेच आहे.

त्यासाठी पैसा कोठून आणावा? तळ्यामुळे ज्यांच्या मालमत्तेचे मोल वाढले, त्यांच्या मालमत्ताकरात त्या वाढीचा अल्पसा अंश तळ्यासाठी राखून ठेवावा. वाहनतळ व गाळे यांचे उत्पन्न सर्वसाधारण निधीत न बुडवता तळ्याच्या स्वतंत्र खात्यात जमा करावे. आणि जोपर्यंत शेवटचा नाला वळवला गेलेला नाही, तोपर्यंत सुशोभीकरणावर एक रुपयाही खर्च करू नये. पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा काठावरील फलकावर लावावेत, म्हणजे ते फिरायला येणाऱ्यांना वाचता येतील. कोल्हापुरात नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. अशा काळात तर प्रश्न विचारण्यासाठी नागरिकांच्या हाती हे आकडेच असतात.

जबाबदारी एकट्या महापालिकेची नाही, हेही तितकेच खरे. भेळेचा कागद पाण्यात टाकणारा हात आणि घरातील सांडपाण्याची नळी गुपचूप नाल्यात सोडणारा हात हे नागरिकांचेच असतात. ज्या शहराने मूर्तिदानाचा आणि इराणी खणीतील विसर्जनाचा मार्ग स्वीकारून रंकाळ्यावरील एक भार हलका केला, त्या शहराला हे शिकवावे लागू नये.

शहर श्रीमंत आहे की नाही, हे तेथील दुकानांच्या झगमगाटावरून ठरवण्याची रीत आहे. त्याहून साधी कसोटी अशी : खिशात भेळेपुरते पैसे असलेला माणूस मुलाबाळांसह रविवारची संध्याकाळ तेथे कोठे घालवतो, आणि तेथून त्याला कोणी उठवते का? ज्या शहराला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या समृद्धीचा हिशेब पुन्हा तपासून पाहावा लागेल.