पूज्य म्हणून निर्दोष?

कॅथॉलिक पंथांतील एखाद्या लोकप्रिय साधुपुरुषाच्या मतांविषयीं शंका काढली, कीं त्याचे चाहते तत्काळ त्याचें चरित्र पुढें करतात. एवढ्या निर्मळ माणसाच्या लिखाणांत धर्मबाह्य विचार सांपडेलच कसा, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

फादर अँथनी डिमेलो यांचें उदाहरण तर आपल्या अंगणांतलें. १९३१ सालीं मुंबईंत जन्मलेले हे जेझुइट लोणावळ्याच्या ‘साधना’ संस्थेमुळें व आपल्या बोधकथांमुळें जगभर नांवाजले. १९८७ सालीं ते वारले. पुढें १९९८ सालीं रोमच्या धर्मसिद्धान्त-मंडळानें कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीनें असें जाहीर केलें कीं, त्यांचीं कांहीं मतें कॅथॉलिक श्रद्धेशीं विसंगत असून त्यांपासून गंभीर अपाय होऊं शकेल. ईश्वराचें व्यक्तिस्वरूप दृष्टीआड करणें आणि येशूला इतर गुरूंच्या पंक्तीस बसविणें, हे त्यांतले मुख्य आक्षेप. यावर डिमेलोंच्या प्रेमळपणाचे दाखले देणें म्हणजे हिशेब मागितला असतां स्वभाव सांगणें होय!

चर्चचा इतिहास या भाबडेपणाला थारा देत नाहीं. मरियेचा गर्भसंभवच आदिपापाच्या स्पर्शाविना झाला, हें मत थॉमस अक्वायनसनें नाकारलें होतें. १८५४ सालीं नववे पायस यांनीं तेंच मत धर्मसिद्धान्त म्हणून घोषित केलें. अक्वायनसचें संतपद मात्र अबाधित राहिलें. त्याच्या काळीं तो प्रश्न खुला होता, हें खरें. पण खुल्या प्रश्नावरही थोर माणूस चुकतो, एवढें तरी यावरून दिसतें. त्याला १३२३ सालीं संत ठरविणारे पोप बाविसावे जॉन यांची गोष्ट तर याहून गमतीची. पुण्यात्म्यांस अंतिम न्यायापूर्वीं ईश्वराचें पूर्ण दर्शन घडत नाहीं, असें त्यांनीं स्वतःच १३३१ च्या सुमारास प्रवचनांतून सांगितलें, पॅरिसच्या पंडितांचा रोष ओढवून घेतला, आणि १३३४ सालीं मृत्युशय्येवर तें मत सोडून दिलें. दोनच वर्षांनीं त्यांच्या वारसानें उलट निर्णय देऊन वाद मिटविला.

परंतु रोमचा निकाल दाखवून डिमेलोंचीं सारींच पुस्तकें कपाटाबाहेर फेकणारे सोवळे लोकही आम्हांस तितकेच उथळ वाटतात. खुद्द त्या निकालांतच त्यांच्या आरंभीच्या ग्रंथांतील गुण मान्य केलेले आहेत. शिवाय तो निकाल आला लेखकाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनीं. ‘अवेअरनेस’ हें पुस्तक तर त्यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या पश्चात् १९९० सालीं निघालें. त्यांतलें कोणतें वाक्य त्यांनीं तसेंच छापूं दिलें असतें, हें आतां कोणाला विचारणार?