प्रवेशद्वार मिनिटांत, कुलूप कुणाच्या भरवशावर?

संकेतस्थळावर सदस्यांसाठी लॉग-इनची सोय करणे हे काही वर्षांपूर्वीपर्यंत जाणत्या संगणक अभियंत्याचे काम मानले जाई. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नसतो, तो विसरलेल्याला पाठवायची लिंक थोड्या वेळात निकामी व्हावी लागते, चुकीचा पासवर्ड शंभर वेळा टाकून पाहणाऱ्याला अडवावे लागते, अशी अनेक व्यवधाने त्यात सांभाळावी लागत. आता 'या ॲपला लॉग-इन जोडून दे' एवढे एक वाक्य पुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅमिंग साहाय्यक काही मिनिटांत नोंदणीचा अर्ज, पासवर्डची चौकट आणि 'गुगलने प्रवेश करा' असे बटण उभे करून देतात. आंद्रेय कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या शैलीला 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. कोड वाचायचा नाही, तो चालतो की नाही एवढेच पाहायचे, असा या शैलीचा रोख. खेळण्यातल्या ॲपसाठी ते ठीकच आहे. लोकांचे पत्ते, फोन क्रमांक आणि ओळखपत्रे सांभाळणाऱ्या ॲपलाही तोच न्याय लावला जाऊ लागला, तेव्हा प्रश्न गंभीर झाला.

यातली मेख अशी, की लॉग-इन या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आलेला माणूस कोण आहे हे ओळखणे ही पहिली. त्या माणसाला नेमके काय पाहू द्यायचे हे ठरवणे ही दुसरी. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर वॉचमन वहीत नाव लिहून घेतो, पण म्हणून पाहुण्याला कोणत्याही सदनिकेत शिरण्याची मुभा मिळत नाही. प्रत्येक दाराला स्वतःचे कुलूप असते. साहाय्यकाकडून लॉग-इन करून घेणाऱ्याला पडद्यावर दिसतो तो फक्त वॉचमन. आतली कुलुपे पडद्यावर दिसतच नाहीत आणि जे दिसत नाही ते मागायचे सहसा कुणाला सुचत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. वाक्यांवरून ॲप तयार करून देणाऱ्या 'लव्हेबल' या स्वीडिश सेवेच्या बाबतीत २०२५ मध्ये हेच उघडकीस आले. या सेवेतून बनलेली अनेक ॲप्स माहिती साठवण्यासाठी 'सुपाबेस' वापरतात. त्या रचनेत ब्राउझर थेट माहितीसाठ्याशी बोलतो आणि त्यासाठी लागणारी किल्ली ब्राउझरमध्ये उघडीच असते. ती उघडी असणे हा दोष नव्हे. कोणती नोंद कुणाला दाखवायची याचा नियम माहितीसाठ्यात प्रत्येक तक्त्यावर लिहिलेला असेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. हा नियमच नसेल किंवा ढिला असेल, तर लॉग-इनचे पान कितीही देखणे असो, ते वळसा घालून टाळता येते. संशोधकांनी लव्हेबलवर बनलेली १,६४५ ॲप्स तपासली, तेव्हा १७० ॲप्समध्ये असे भगदाड आढळले, म्हणजे साधारण दहातील एक. कंपनीने त्याआधी सुरक्षा तपासणीची सोय दिली होती खरी. पण ती नियम आहे की नाही एवढेच पाहते, तो बरोबर आहे की नाही हे पाहत नाही, असा आक्षेप संशोधकांनी घेतला.

जुलै २०२५ मधले दुसरे प्रकरण तर थेट प्रवेशव्यवस्थेचेच होते. 'बेस४४' ही याच धर्तीची सेवा. 'विक्स' कंपनीने ती त्याआधीच्या महिन्यात विकत घेतली होती. 'विझ' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना तिथे नोंदणीचे आणि ओटीपी पडताळणीचे असे दोन मार्ग सापडले, ज्यांवर कसलीही तपासणी नव्हती. ॲपचा ओळख क्रमांक ठाऊक असला की झाले, आणि तो क्रमांक ॲपच्या वेबपत्त्यातच दिसत असे. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी म्हणून बंद ठेवलेल्या ॲपमध्येही बाहेरच्या माणसाला रीतसर सदस्य होऊन शिरता आले असते. विक्सने चोवीस तासांच्या आत दुरुस्ती केली आणि गैरवापराचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले. मात्र इथे चूक ॲप बनवणाऱ्याच्या हातून घडलेलीच नव्हती. ज्या पायावर त्याने घर बांधले, तो पायाच पोकळ होता, आणि ते कळण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नव्हते.

साहाय्यक असे का वागतात, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. ते सार्वजनिक कोडवर शिकलेले असतात आणि त्यात शिकवणीपुरत्या, मुद्दाम सोप्या ठेवलेल्या नमुन्यांचा भरणा मोठा असतो. दुसरे असे, की मागणी करणारा 'मला आत जाता येत नाही' अशी तक्रार करतो. तक्रार मिटवण्याचा सर्वात जवळचा मार्ग म्हणजे नियम सैल करून सर्वांना परवानगी देणे. त्रुटीचा संदेश नाहीसा होतो, मागणारा खूश होतो. 'मला आत जाता येते, पण दुसऱ्यालाही माझे कागद दिसतात' अशी तक्रार करायला कुणी त्या क्षणी हजर नसते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४७ जण सहभागी झाले होते. साहाय्यकाची मदत घेणाऱ्यांनी अधिक असुरक्षित कोड लिहिला. शिवाय आपला कोड सुरक्षित आहे असा विश्वासही त्यांनाच जास्त वाटला. यातला दुसरा निष्कर्ष अधिक चिंताजनक आहे. 'व्हेराकोड' कंपनीने २०२५ मध्ये शंभरहून अधिक भाषाप्रारूपांकडून कोड लिहून घेतला, त्यातील ४५ टक्के नमुन्यांत सुरक्षेचे दोष निघाले.

अर्थात, माणसांनी लिहिलेला कोड सोवळा होता असे नाही. २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, ते उघड्या मजकुरात साठवलेले होते. वेब सुरक्षेतील प्रमुख धोक्यांच्या 'ओवास्प' यादीत २०२१ पासून पहिला क्रमांक परवानगीच्या तपासणीतील ढिलाईचाच आहे, आणि ती यादी साहाय्यकांच्या लाटेआधीची. फरक इतकाच, की पूर्वी चूक झाली तरी तो कोड निदान कुणीतरी लिहिलेला, म्हणजेच वाचलेला असे. २०२६ च्या सुरुवातीला 'मोल्टबुक'चा माहितीसाठा उघडा सापडला. सुमारे १५ लाख प्रवेश-टोकन आणि ३५ हजार ईमेल पत्ते कुणालाही वाचता येत होते. हे संकेतस्थळ उभारताना आपण कोडची एकही ओळ लिहिली नाही, असे त्याच्या संस्थापकांनी आधी अभिमानाने जाहीर केले होते.

प्रवेशव्यवस्था स्वतः न लिहिता ऑथझिरो, क्लर्क किंवा कीक्लोकसारखी तयार व्यवस्था वापरावी, असा सल्ला जाणकार देतात आणि तो योग्यच आहे. पासवर्ड साठवणे, ओटीपी पाठवणे ही जोखीम त्यामुळे अनुभवी हातांत जाते. (अनुभवी हातही चुकतात: ऑथझिरोची मालक असलेल्या ओक्टाच्याच ग्राहकसाहाय्य यंत्रणेत ऑक्टोबर २०२३ मध्ये घुसखोरी झाली होती.) मात्र ही व्यवस्था फक्त वॉचमन पुरवते. कोणती नोंद कुणाची, हे तिला ठाऊक नसते. ते ॲपच्या मालकालाच सांगावे लागते. ते पाळले जाते का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे आणि तिला अभियंता लागत नाही. दोन खाती उघडावीत, एकातून लॉग-इन करावे आणि वेबपत्त्यातील क्रमांक बदलून दुसऱ्या खात्याची नोंद उघडते का ते पाहावे. मग लॉग-इन न करताच तोच पत्ता उघडून पाहावा. नोंद उघडली तर दोष नक्की आहे. नाही उघडली, तरी सारे आलबेल आहे असे म्हणता येत नाही. सुपाबेससारख्या रचनेत माहितीसाठ्याला थेट विचारूनही पाहावे लागते आणि तिथे जाणकाराचीच गरज पडते.

भारतात हा प्रश्न आता कायद्याच्याही कक्षेत येत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कूटबद्ध ठेवणे, कुणाला काय पाहता येते यावर नियंत्रण ठेवणे आणि प्रवेशाच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. काही तरतुदींतून नवउद्योगांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे आहे. सुरक्षेची तरतूद मात्र त्या सवलतीत बसत नाही. कोड कुणी लिहिला, अभियंत्याने की यंत्राने, असा भेद कायदा करत नाही. माहिती का आणि कशी वापरायची हे ज्याने ठरवले, जबाबदारी त्याची. या तरतुदी लागू होण्यास नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, ती मे २०२७ मध्ये संपते. वाक्य लिहून बनवलेली असंख्य ॲप्स तोवर लोकांची नावे आणि फोन क्रमांक गोळा करत राहतील.